रेगन्सबुर्गला जहाज थांबलं की: अर्ध्या दिवसात जुनं शहर पायी कसं पाहावं

नदीवरच्या जहाजाने युरोप पाहण्यात सगळ्यात मोठी सोय म्हणजे शहर दाराशी येतं. समुद्रातली क्रूझ बंदराला लागते आणि तिथून गावात जायला पुन्हा बस शोधावी लागते. नदीतलं जहाज मात्र बहुतेक वेळा जुन्या वस्तीच्या काठालाच लागतं. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातलं, डॅन्यूबकाठचं रेगन्सबुर्ग हे असंच गाव. न्यूरेंबर्ग, पासाउ, व्हिएन्ना, बुडापेस्ट अशा वाटेवरच्या अनेक सहली इथे अर्धा दिवस किंवा फार तर एक दिवस थांबतात.

या थांब्याला जहाजावर जोडसहलीही विकल्या जातात: वेल्टेनबुर्गचा मठ आणि तिथली डॅन्यूबची खिंड, मोटारींचा कारखाना, टेकडीवरचं वालहाला हे स्मारक. वेल्टेनबुर्ग सुंदर आहे, यात वाद नाही. पण पहिल्यांदा येणाऱ्याने ही खरेदी टाळावी असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतली बहुतेक मोठी शहरं भुईसपाट झाली. इथे १९४३ साली मेसरश्मिट विमान कारखान्यावर बॉम्ब पडले, तरी जुनं गाव बरंचसं शाबूत राहिलं. त्यामुळे रोमन भिंत, बाराव्या शतकातला पूल आणि सम्राटांच्या सभेचं दालन ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांच्या चालीवर आहेत. २००६ मध्ये युनेस्कोने हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. हातातला वेळ बसमध्ये बसून घालवण्यापेक्षा इथल्या गल्ल्यांमध्ये घालवा.

आदल्या रात्री जहाजावर करायची तयारी

रोज संध्याकाळी खोलीत दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापलेला कागद येतो. त्यात आधी दोन गोष्टी पाहा: जहाज कोणत्या धक्क्याला लागणार आणि परत चढण्याची शेवटची वेळ काय. जहाज सुटण्याची वेळ वेगळी आणि चढण्याची वेळ वेगळी, ती साधारण अर्धा तास आधीची असते. आपला दिवस या चढण्याच्या वेळेपासून उलटा मोजत आखा. साडेचारला चढायचं असेल तर चारला पुलाजवळ, म्हणजे साडेतीनला शेवटचं ठिकाण सोडायचं. सकाळी पुढे पुढे मोजत गेलं की दुपारी हमखास धावपळ होते.

रेगन्सबुर्गमध्ये धक्का बहुधा पुलाच्या पूर्वेला, प्रवाहाच्या खालच्या बाजूला मिळतो. दगडी पुलाच्या कमानी बुटक्या आहेत, त्यामुळे मोठी जहाजं त्याखालून जाऊच शकत नाहीत. पुढे जाणारी जहाजं गावाच्या उत्तरेकडून काढलेल्या कालव्याने जातात. धक्क्यावरून नदीकाठाने पश्चिमेकडे चालत निघालं की दहा-पंधरा मिनिटांत पूल येतो. तरीही उतरल्या उतरल्या धक्क्याच्या पाटीचा आणि आसपासच्या एखाद्या ठळक खुणेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गर्दीच्या हंगामात जहाजं एकमेकांना चिकटून उभी करतात आणि आपल्याला दुसऱ्याच जहाजाच्या लॉबीतून किंवा गच्चीवरून चालत काठावर जावं लागतं. परत येताना समोर भलत्याच नावाचं जहाज दिसलं म्हणून घाबरू नका, आपलं त्याच्या पलीकडे असतं. क्वचित मधल्या वेळात जहाज जागाही बदलतं, तेव्हा उतरताना स्वागतकक्षात एकदा विचारून घ्यावं.

उतरताना जहाजाचं कार्ड मिळतं, ते गळ्यात किंवा आतल्या खिशात ठेवा. त्या कार्डावरूनच कोण बाहेर आहे आणि कोण परतलं याची नोंद राहते. पासपोर्ट अनेक जहाजांवर स्वागतकक्षात जमा असतात. जवळ त्याची छायाप्रत आणि व्हिसाच्या पानाचा फोटो असू द्या. व्हिसाचं म्हणाल तर जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी हे चारही देश शेंगेनमध्येच, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात येतात. सहल पुढे सर्बियात जाऊन परत शेंगेन देशात येणार असेल तर मात्र व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. हे मुंबईतून अर्ज करतानाच पाहायचं.

बरोबर फार काही नको. तळव्याला पकड असलेले, वापरून मऊ झालेले बूट हवेत, कारण गल्ल्यांमध्ये दगडी गोटे बसवलेले आहेत आणि पावसात ते निसरडे होतात. हलकं जाकीट घ्या, पाण्याची बाटली घ्या आणि थोडी युरोची नाणी ठेवा, कारण सार्वजनिक स्वच्छतागृहात पैसे पडतात. छोट्या दुकानांत कधी कधी कार्ड चालत नाही. रविवारी दुकानं बंद असतात आणि बरीच संग्रहालयं सोमवारी. आपला थांबा यांपैकी कोणत्या वारी आहे ते आधीच बघून ठेवावं.

गटाबरोबर जावं की एकट्याने?

सकाळी बहुतेक जहाजं कानात यंत्र लावून, स्थानिक मार्गदर्शकासोबत दीड-दोन तासांची पायी फेरी देतात आणि ती तिकिटातच धरलेली असते. ती घ्या. अनेक फेऱ्या गावाच्या मधोमधच संपतात आणि मार्गदर्शक सांगतो की आता मोकळे आहात. तुमचा खरा दिवस तिथून सुरू होतो. फेरीत लांबून दाखवलेल्या गोष्टी जवळून पाहायला त्यानंतरचे दोन-तीन तास वापरायचे. गट मध्येच सोडायचा असेल तर मार्गदर्शकाला सांगितल्याशिवाय सोडू नका. तो माणसं मोजत थांबून राहतो आणि सगळ्यांचाच खोळंबा होतो.

खालची वाट एकट्याने चालण्यासाठी दिली आहे. पूर्ण फेरी तीनेक किलोमीटरची होते आणि वाटेत चढ जवळजवळ नाहीच.

पहिला टप्पा: दगडी पूल

पुलाच्या तोंडाशी, नदीकडेला एक छोटं बैठं घर दिसेल, धुराचा वास येईल. ती वुर्स्टकुख्ल, सॉसेज भाजण्याची जुनी खानावळ. पूल बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणाशी तिचं नातं सांगतात. आजची इमारत सतराव्या शतकातली आहे. भिंतीवर पुराचं पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा केल्या आहेत, त्या जरूर बघा. शेजारचं उंच, लांबलचक उतरत्या छपराचं घर म्हणजे मिठाचं कोठार. ते १६१६ ते १६२० या काळात बांधलं. नदीतून येणारं मीठ इथे उतरायचं. आता आत जागतिक वारशाचं माहिती केंद्र आहे, प्रवेश फुकट. गावाची मांडणी समजून घ्यायला तिथली पंधरा मिनिटं सार्थकी लागतात.

मग पुलावर चढा. ११३५ ते ११४६ अशी अकरा वर्षं याचं काम चाललं. लांबी तीनशे मीटरहून अधिक. मूळच्या सोळा कमानींपैकी काही आता काठाच्या बांधकामात दडल्या आहेत. कित्येक शतकं आसपासच्या मोठ्या टापूत डॅन्यूब ओलांडायला एवढाच भरवशाचा पूल होता. म्हणून इथे व्यापाऱ्यांच्या गाड्या यायच्या, जकात जमायची, सैन्यं यायची. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा ११८९ साली तिसऱ्या धर्मयुद्धासाठी रेगन्सबुर्गहूनच निघाला. आता पुलावर मोटारी बंद आहेत. सायकली मात्र जोरात येतात, तेव्हा फोटोच्या नादात मध्ये उभे राहू नका.

मध्यावर गेल्यावर कठड्यावरून खाली वाका. प्रत्येक खांबाच्या पायाभोवती दगडी बेट बांधलेलं आहे, दोन्ही टोकांना निमुळतं. खांब टिकावेत म्हणून ही बेटं घातली, पण त्यांनी नदीचं पात्र अडवलं. त्यामुळे वरच्या अंगाला पाणी तटतं, कमानीखालून जोराने घुसतं आणि पलीकडे त्याचे भोवरे होतात. हे भोवरे जवळून दाखवणाऱ्या छोट्या होड्याही पुलाजवळून सुटतात. पूर्वी मालाच्या होड्यांना प्रवाहाविरुद्ध इथून वर नेणं हे मोठं जोखमीचं काम होतं. नदीचा आवाज ऐकत दहा मिनिटं इथे थांबा, म्हणजे या गावाचं पोट कशावर चालत होतं ते पुस्तकाविना कळेल.

मधोमध एका टोकदार छपरावर दगडी पोऱ्या बसला आहे, डोळ्यांवर हात धरून. हा ब्रुकमांडल. पुलाचा कारागीर आणि गावातल्या कॅथेड्रलचा, म्हणजे मोठ्या चर्चचा कारागीर यांच्यात आधी कोण पूर्ण करतं अशी पैज लागली, पुलवाल्याने सैतानाची मदत घेतली आणि पहिल्यांदा पूल ओलांडणारे जीव त्याला कबूल केले. मग माणसांऐवजी कुत्रा, कोंबडा आणि कोंबडी पुढे सोडली, अशी कथा आहे. चर्चचं आजचं बांधकाम पूल झाल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी सुरू झालं, तेव्हा पैज लागणं शक्यच नव्हतं. तरी कथा गावाने जपली आहे आणि मुलांना ती इथेच उभं राहून सांगण्यासारखी आहे.

पलीकडचा काठ म्हणजे स्टाटआमहोफ. १९२४ पर्यंत ते वेगळं गाव होतं. वेळ असेल तर तिथल्या इस्पितळाच्या जुन्या बिअर बागेत झाडाखाली बसून पुलाचं पूर्ण चित्र बघा. माझ्या मते पुलाचा फोटो काढायला याहून चांगली जागा नाही.

दुसरा टप्पा: रोमन दरवाजा

पुलाच्या बुरुजाखालून गावात शिरलं की समोर भिंतभर रंगवलेला बायबलमधला महाकाय योद्धा गोलियाथ दिसतो, शेजारी त्याला हरवणारा इवलासा डेव्हिड. तिथून डावीकडे वळून ‘उंटर डेन श्विबब्योगेन’ या गल्लीत जा. उजव्या हाताच्या पांढऱ्या भिंतीत अचानक काळपट, प्रचंड दगडांची कमान दिसेल. ही पोर्टा प्रेटोरिया. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या कारकिर्दीत, इसवी सन १७९ मध्ये इथे सुमारे सहा हजार सैनिकांची छावणी उभी राहिली. तिचं नाव कास्ट्रा रेगिना. त्या छावणीचा हा उत्तर दरवाजा.

तो इतका नीट टिकला, कारण नंतरच्या लोकांनी तो पाडायचे कष्ट घेतले नाहीत. बिशपच्या वाड्याच्या भिंतीत तो तसाच चिणला गेला आणि १८८५ मध्ये पुन्हा उजेडात आला. जवळ जाऊन दोन दगडांमधल्या सांध्यावर नजर फिरवा. चुना नाही, दगडावर दगड नुसता नेमका बसवलेला. सहलींचे गट इथे दोन मिनिटं थांबून पुढे जातात. तुम्ही गट पुढे जाऊ द्या.

तिसरा टप्पा: सेंट पीटरचं कॅथेड्रल

आधीचं चर्च १२७३ च्या आगीत जळालं, त्यानंतर हे गॉथिक बांधकाम सुरू झालं आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू राहिलं. १०५ मीटर उंचीचे दोन मनोरे मात्र १८६९ मध्ये पुरे झाले. प्रवेशाला पैसे नाहीत. टोपी काढा, आवाज खाली ठेवा. प्रार्थना चालू असेल तर फिरू नका, मागे बसून राहा.

आत गेल्यावर डोळे दिपतात ते खिडक्यांनी. यातली बरीच रंगीत काच तेराव्या-चौदाव्या शतकातली आहे. सकाळी उजेड पूर्वेकडच्या खिडक्यांतून येतो, म्हणून जमल्यास सकाळीच या. काचांकडे बघताना लोक एक गोष्ट चुकवतात: मध्याच्या दोन पश्चिम खांबांवर समोरासमोर दोन पुतळे आहेत. एका खांबावर मेरी, दुसऱ्यावर तिला निरोप घेऊन आलेला देवदूत गॅब्रिएल. साधारण १२८० चं हे काम. देवदूत चक्क दात दाखवून हसतो आहे, डोळे बारीक झालेत, गालांवर वळ्या पडल्या आहेत. मेरीने हात किंचित वर उचलला आहे. त्या काळच्या शिल्पात असं मोकळं हसू विरळाच. दोन खांबांच्या मधोमध उभे राहून दोघांकडे आळीपाळीने पाहा.

थांबा रविवारी असेल तर नशीबच म्हणायचं. इथल्या डोमश्पात्सेन या मुलांच्या गायनवृंदाची परंपरा ९७५ सालापासूनची आहे आणि शाळेच्या सुट्ट्या सोडल्यास रविवारी सकाळी दहाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला ते गातात. तसं असेल तर गटाची फेरी सोडून सरळ इथे या.

चौथा टप्पा: नॉयफार प्लाट्झ

कॅथेड्रलपासून नैर्ऋत्येला काही पावलांवर मोकळा चौक लागतो. दुकानं, खाण्याच्या टपऱ्या, मधोमध चर्च. चौकातल्या पांढऱ्या काँक्रीटच्या बुटक्या भिंतींवर लोक बसून आइस्क्रीम खात असतात. या भिंती म्हणजे पूर्वी इथे असलेल्या सिनेगॉगचा, ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा आराखडा आहे. मध्ययुगात इथे ज्यूंची भरलेली वस्ती होती, १५१९ मध्ये त्यांना हाकलून देऊन घरं आणि सिनेगॉग पाडलं गेलं. १९९० च्या दशकातल्या उत्खननात तळघरं आणि सोन्याच्या नाण्यांचा साठा सापडला. इस्रायली शिल्पकार दानी कारावान यांनी २००५ मध्ये सिनेगॉगच्या जागेवर हे शिल्प केलं, लोकांनी त्यात यावं, बसावं अशा बेताने. तुम्हीही बसा, पण कुठे बसलो आहोत ते मुलांना सांगून बसा.

पाचवा टप्पा: मनोऱ्यांची गल्ली आणि जुनं टाउन हॉल

चौकातून उत्तरेकडे वालेनश्ट्रासे ही गल्ली जाते. मान वर करून चाला. इथल्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी इटलीतल्या शहरांची चाल उचलून घरांवर उंच मनोरे बांधले. याच गल्लीतला सोनेरी मनोरा सुमारे पन्नास मीटर उंच आहे. संरक्षणापेक्षा शेजाऱ्याच्या वर डोकं काढणं हाच त्यांचा हेतू होता.

गल्ली संपते तिथे जुनं टाउन हॉल. १६६३ ते १८०६ या काळात पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे मुख्यतः जर्मन राज्यांच्या जुन्या साम्राज्याची कायमची सभा इथे भरत होती. ते दालन, त्याचं लाकडी छत आणि खालच्या तळघरातली कैद्यांना छळून कबुली घेण्याची खोली फक्त मार्गदर्शकाबरोबर पाहता येते. इंग्रजी फेऱ्या मोजक्याच असतात. पर्यटन कार्यालय याच इमारतीत आहे, तेव्हा सकाळीच येऊन वेळ विचारा आणि तिकीट घ्या. एका दिवसात एकच तिकीट काढायचं असेल तर हेच काढावं. टुर्न उंड टाक्सिस घराण्याचा राजवाडा भव्य आहे, पण त्याच्या फेरीला जाऊन-येऊन अर्धी दुपार जाते. तो पूर्ण दिवसाच्या थांब्यासाठी ठेवा.

टाउन हॉलच्या मागे केप्लरश्ट्रासेवर पाच क्रमांकाच्या घरावरची पाटी वाचायला विसरू नका. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा योहानेस केप्लर १६३० च्या नोव्हेंबरमध्ये इथे वारला. थकलेले पैसे मिळवण्यासाठी तो आजारी अवस्थेत घोड्यावरून या गावी आला होता. पुढे युद्धात दफनभूमीच उद्ध्वस्त झाली, त्यामुळे त्याची कबर उरलेली नाही. शाळेत केप्लरचे नियम शिकलेल्या कुणालाही या दारासमोर थांबावंसं वाटेल.

खाण्याचं काय?

मांसाहारी असाल तर वुर्स्टकुख्लमधली कोळशावर भाजलेली छोटी सॉसेज, आंबवलेला कोबी आणि गोडसर मोहरी घ्या. सॉसेज डुकराच्या मांसाची असतात, ज्यांना चालत नाही त्यांनी ध्यानात ठेवावं. शाकाहारी मंडळींनी जुजबी विचारपूस न करता स्पष्ट शब्दांत ‘ओने फ्लाइश’, म्हणजे मांसाशिवाय, असं सांगावं. बटाट्याच्या सॅलडमध्ये आणि सूपमध्ये अनेकदा मांसाचा अर्क असतो, आंबवलेल्या कोबीतही चरबी असू शकते. केझेश्पेत्सले हा चीज घातलेला शेवेसारखा प्रकार पोटभरीचा आहे, पण त्याच्या पिठात अंडं असतं. अंडंही नको असेल तर ब्रेत्सेल हा गाठीच्या आकाराचा पाव आणि चीजचा चटपटीत ओबाट्झडा मागा, मात्र त्यात कांदा असतो. टाउन हॉलसमोरच्या प्रिन्सेस कॅफेचा इतिहास १६८६ पर्यंत मागे जातो. कॉफी आणि हाताने केलेली चॉकलेटं तिथे घ्या. जेवणासाठी जहाजावर परतू नका, जाण्यायेण्यात तास जातो.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी

घरातल्या ज्येष्ठांना पूर्ण फेरी नको. पूल मध्यापर्यंत, रोमन दरवाजा आणि कॅथेड्रल एवढंच करा. तिथून धक्का पुन्हा जवळ पडतो. जुन्या गावात छोट्या विजेवरच्या बस फिरतात, त्या थकल्यावर कामी येतात. गोट्यांवर चाकांची खुर्ची ढकलणं कष्टाचं आहे, शक्यतो फरसबंदीच्या कडेने चाला. तातडीच्या मदतीसाठी युरोपभर ११२ हा क्रमांक आहे.

परतताना

उन्हाळ्याच्या शेवटी डॅन्यूबचं पाणी उतरतं. श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या पट्ट्यात नदीवर बंधारे नाहीत, त्यामुळे पाणी कमी झालं की जहाजं तिथे अडतात. अशा वेळी कंपनी प्रवाशांना बसने पुढच्या जहाजावर नेते. रेगन्सबुर्गला असतानाच अशी सूचना येऊ शकते, म्हणून परतल्यावर आधी फलकावर बदललेला कार्यक्रम पाहा आणि मग खोलीत जा.

जहाज पासाउच्या दिशेने निघणार असेल तर चढल्यावर लगेच वरच्या डेकवर डाव्या बाजूला जागा धरा. सुमारे दहा किलोमीटरवर, डोनाउश्टाउफच्या टेकडीवर वालहाला दिसतं. ग्रीक देवळाच्या धर्तीचं हे संगमरवरी स्मारक बव्हेरियाच्या पहिल्या लुडविग राजाने बांधवलं आणि ते १८४२ मध्ये खुलं झालं. नदीतून पाहिलं की नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांसकट सगळं एका नजरेत येतं. जोडसहलीचे पैसेही वाचतात. न्यूरेंबर्गकडे जाणाऱ्यांना ते रेगन्सबुर्गला पोहोचण्याआधी उजव्या हाताला लागतं, तेव्हा आदल्या दिवशीच कर्मचाऱ्यांना वेळ विचारून ठेवा. पूल बुटके असल्यामुळे वरचा डेक मधूनमधून बंद करतात, तसं झालं तर खालच्या मजल्यावरच्या पुढच्या बाजूच्या काचेतूनही ते छान दिसतं.